टोळीतल्या प्रत्येक वासराच्या वाट्याचं दूध

एका कप्प्यात १० वासरं, दिवसाला ४० लिटर दूध, म्हणजे प्रत्येकाला ४ लिटर, हा हिशेब वहीत बसतो, गोठ्यात बसत नाही. तीन आठवड्यांचं धट्टंकट्टं वासरू ६ लिटर ओढून मोकळं होतं आणि परवाच टोळीत सोडलेलं लहान वासरू दोन लिटरवर राहतं. पहिल्याचं पोट बिघडतं, दुसरं दिवसेंदिवस खंगत जातं. मग मालक ठरवून टाकतो की वासरं एकत्र ठेवली की मरतात. दोष एकत्र ठेवण्यात नसतो, दूध पाजायच्या पद्धतीत असतो. टोळीत दूध पाजताना एकच गोष्ट सांभाळायची: प्रत्येक वासराचा वाटा त्याच्याच पोटात गेला पाहिजे आणि तो गेल्याचं आपल्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

हे चेन्नईच्या संदर्भात लिहितो आहे, त्याला कारण आहे. शहरातल्या तबेल्यांसाठी मुंबईत १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली, तशी मद्रासमध्ये माधवरमची मिल्क कॉलनी झाली. आज माधवरमपासून रेड हिल्स, तिरुवल्लूरकडे किंवा दक्षिणेला चेंगलपट्टूच्या वाटेवर गेलं की संकरित गायींचे गोठे दिसतात. तामिळनाडूचं पैदास धोरण मैदानी भागाला जर्सी आणि नीलगिरीसारख्या डोंगराळ भागाला होल्स्टिन फ्रिजियन असं आहे, त्यामुळे इथलं वासरू जन्मतः २० ते २५ किलोचं, अंगानं लहान. हवा मात्र कठीण. मे महिन्यातल्या 'अग्नी नक्षत्रा'च्या दिवसांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि समुद्राच्या दमटपणामुळे रात्रीही गोठा निवत नाही. वसई-पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दूध उत्पादकांना ही हवा परकी नाही. पुण्या-कोल्हापूरकडच्या थंड रात्री गृहीत धरून लिहिलेले सल्ले किनाऱ्यावर फसतात, तिथे चेन्नईचा अनुभव जास्त कामाचा आहे.

टोळीचा विचार करण्याआधी चिकाचा विचार हवा. वासराच्या आतड्यातून चिकातली प्रतिकारद्रव्यं रक्तात जाण्याची वाट जन्मानंतर काही तासांतच अरुंद होऊ लागते आणि २४ तासांत जवळपास बंद होते. म्हणून पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाजायचा. २२ किलोच्या वासराला सव्वादोन लिटर, आणि मग आठ ते बारा तासांनी पुन्हा एक-दीड लिटर. जार पडण्याची वाट पाहत बसायचं नाही. चिकाचा कस पाहायला नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार गोडी मोजायला वापरतात तोच रिफ्रॅक्टोमीटर चालतो. ब्रिक्स २२ किंवा त्याच्या वर असेल तर चीक उत्तम. खरवसाचा मोह तामिळनाडूतही आहे आणि आपल्याकडेही आहे, पण पहिल्या धारेचा चीक वासराचाच. ते तृप्त झाल्यावर उरेल त्याचा खुशाल खरवस करा. चीक न मिळालेलं वासरू टोळीत सोडलं तर ते स्वतः आजारी पडतंच, शिवाय बाकीच्यांना आजार देतं. असं वासरू कितीही चांगल्या फीडरवर लावलं तरी उपयोग नाही.

पहिला आठवडा प्रत्येक वासरू वेगळं ठेवावं, पण शेजारचं वासरू दिसेल असं. बेंबी सुकते, शेण घट्ट होतं, निप्पलची सवय लागते, आणि आपल्यालाही ते वासरू ओळखीचं होतं. मग दोन-दोनच्या जोड्या कराव्यात आणि दोन आठवड्यांनंतर ६ ते ८ वासरांची टोळी. जोडीनं वाढलेली वासरं खुराक लवकर खायला लागतात आणि दूध तोडताना कमी घाबरतात, हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कामातून वारंवार दिसलं आहे. युरोपीय संघात तर आठ आठवड्यांनंतर वासराला एकटं कोंडून ठेवायला कायद्यानंच बंदी आहे आणि टोळीत लहान वासरामागे निदान दीड चौरस मीटर, म्हणजे सुमारे १६ चौरस फूट, जागा बंधनकारक आहे. आपणही तेवढी कोरडी जागा धरावी. एका टोळीतल्या वासरांच्या वयात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. टोळी एकदा ठरली की त्यात नवं वासरू घुसवू नका, नव्यांची नवी टोळी करा. जागा नाही म्हणून मोठ्या कालवडींत लहान वासरू ढकललं जातं, आणि दूध पाजण्याच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

कोणती पद्धत घ्यावी

५ ते २० वासरांच्या गोठ्याला माझ्या मते एकच पद्धत पहिल्या पसंतीची आहे: एका आडव्या लोखंडी नळीवर ओळीनं टांगलेल्या निप्पलच्या बादल्या, प्रत्येक वासराला एक. बादलीचं निप्पल जमिनीपासून साधारण २ फुटांवर यावं, म्हणजे वासरू मान किंचित वर करून चोखतं, गायीच्या कासेखाली चोखतं तसं. दोन बादल्यांच्या मध्ये वासराच्या खांद्यापर्यंत येईल अशी प्लायची किंवा पत्र्याची फळी लावा. ही फळी फार मोलाची आहे. शेजाऱ्याचं तोंड दिसलं नाही की ढकलाढकली बरीच कमी होते. मान अडकवायची साधी फट केली, किंवा दूध पिण्यापुरतं १५-२० मिनिटं गळ्यातल्या दाव्यानं आपापल्या जागी बांधलं, तर कोण किती प्यालं हे एका नजरेत कळतं. बादलीवर आतून लिटरच्या खुणा करून घ्या.

नव्या वासराला निप्पल शिकवणं हे घाईचं काम नाही. वासराला कोपऱ्यात घ्या, त्याची पाठ तुमच्या गुडघ्यांशी टेकवा आणि स्वच्छ धुतलेली दोन बोटं त्याच्या तोंडात द्या. जीभ बोटांभोवती गुंडाळून ते ओढायला लागलं की बोटांच्या जागी निप्पल सरकवा आणि दुधाचे दोन थेंब जिभेवर पिळा. पहिल्यांदा ते तोंड झटकेल, दुसऱ्यांदा चावेल, मग एकदम लय लागते. शेपूट हलायला लागते, ओठांच्या कडांना पांढरा फेस येतो आणि ते बादलीला ढुशा द्यायला लागतं. तो फेस म्हणजे लाळ, आणि निप्पलचा खरा फायदा तिथेच आहे. चोखताना लाळ सुटते, अन्ननलिकेची खाच नीट मिटते आणि दूध कोठीपोटात न सांडता थेट चौथ्या पोटात जातं. उघड्या बादलीत तोंड बुडवून वासरू दोन लिटर दूध मिनिट-दीड मिनिटात संपवतं, निप्पलवर त्याला तीन-चार मिनिटं लागतात. ही तीन मिनिटं वाया गेली असं समजू नका.

निप्पलची चीर तपासत राहा. दूध भरलेली बाटली उलटी धरली तर थेंब गळावा, धार लागू नये. धार लागली की वासराला ठसका लागतो आणि दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मजूर 'लवकर आटपावं' म्हणून ब्लेडनं चीर मोठी करतात, त्यावर लक्ष ठेवा. एका ओळीतली सगळी निप्पलं एकाच वेळी बदला. एक नवं घट्ट आणि एक जुनं सैल असलं की पुन्हा वाटा बिघडतो.

वासरं २० च्या पुढे गेली की वेगवेगळ्या बादल्या भरणं जड जातं. तेव्हा अनेक निप्पलांचा सामाईक फीडर घ्यावा, पण प्रत्येक निप्पलला वेगळा कप्पा असलेलाच. अडीच-तीन लिटरचा कप्पा भरला की वाटा ठरला. एकाच टाकीला दहा निप्पलं असलेला फीडर स्वस्त पडतो, पण त्यात झपाट्यानं पिणाऱ्याचं राज्य असतं. तोच घ्यायचा झाला तर निप्पलं वासरांपेक्षा एक-दोन जास्त ठेवा, आणि वयावर न जाता पिण्याच्या वेगावर दोन टोळ्या करा. हळू पिणाऱ्यांच्या गळ्यात रंगीत दोरी बांधली की बदली माणसालाही कळतं. लांब गव्हाणीत किंवा घमेल्यात सगळ्यांना एकत्र दूध ओतून देणं मात्र सोडून द्या. त्यात वाटाही कळत नाही आणि एकाची लाळ, शेंबूड, शेण सगळ्यांच्या पोटात जातं.

गळ्यातला बिल्ला ओळखून दूध पाजणारी स्वयंचलित यंत्रं मोठ्या फार्मसाठी उत्तम आहेत. वीज, दुरुस्तीचा माणूस आणि रोजची धुलाई यांची खात्री असेल तरच त्यांच्या वाटेला जा. फॉर्मिक आम्ल घालून आंबट केलेलं दूध दिवसभर मोकळं ठेवायची रीत थंड देशांत चालते. आम्ल थंड दुधातच घालावं लागतं, नाहीतर दूध फाटतं, म्हणून ही रीत किनाऱ्यावर नको. चीक आंबवून साठवण्याचंही तेच. चेन्नईच्या उन्हाळ्यात तो आंबत नाही, कुजतो.

देशी गायी आणि म्हशी सहसा वासराशिवाय पान्हवत नाहीत, तिथे वेगळी वाट आहे. दूध कमी झालेली, कासदाह नसलेली, शांत स्वभावाची गाय दोन-तीन वासरांना दाई म्हणून लावता येते. आपल्या घरच्या पद्धतीत धार काढण्याआधी आणि नंतर वासरू सोडतात. वासराच्या पोटाला याहून चांगलं काही नाही, पण 'एक सड सोडला आहे' यावरून वाटा कळत नाही. अशा वासरांचं वजन दर आठवड्याला काढायलाच हवं. काटा नसला तरी टेप चालतो. छातीचा घेर इंचात घ्या, त्याला त्याच संख्येनं गुणा, मग खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. घेर ३० इंच, लांबी २८ इंच असेल तर वजन सुमारे ३८ किलो.

किती, केव्हा, कशा हवेत

'वजनाचा दहावा हिस्सा दूध' हा जुना नियम वासराला जगवतो, वाढवत नाही. दीडपट द्या: २२ किलोच्या जर्सी संकराला सुरुवातीला सव्वातीन लिटर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ४ लिटर. ३२ किलोच्या फ्रिजियन संकराला ५ लिटरपासून ६ पर्यंत. दोन वेळा विभागून द्या, पहिल्या पंधरवड्यात जमलं तर तीन वेळा. दोन महिने रोज ४ लिटर म्हणजे २४० लिटर, आणि लिटरला ३५ रुपये धरले तर ८,४०० रुपये. रक्कम डोळ्यांत भरते, मान्य आहे. पण दोन महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट झालेली कालवड सव्वादोन-अडीच वर्षांत विते, आणि उपाशी वाढलेली तिसरं वर्ष उलटून जाईपर्यंत गोठ्यात फुकट खाते. पैसे नेमके कुठे बुडतात ते इथे पाहा.

दूध वासराच्या तोंडाशी ३८-३९ अंशांचं हवं. हवा गरम आहे म्हणून फ्रीजमधलं दूध तसंच चालेल, हा समज चुकीचा आहे. गरम पाण्याच्या घमेल्यात भांडं ठेवून कोमट करा, थेट जाळावर नको. मिल्क रिप्लेसर, म्हणजे दुधाऐवजी द्यायची भुकटी, वापरायचा असेल तर पहिले तीन आठवडे तरी त्यातली प्रथिनं दुधाचीच हवीत, सोयाबीनची नकोत. लिटरला १२५ ते १५० ग्रॅम भुकटी वजन करून घाला, 'दोन मुठी' नको. रोज त्याच मापात, त्याच वेळी. पाणीही पाहा. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरच्या बाजूला समुद्राचं पाणी भूजलात शिरलं आहे, किनाऱ्यावरच्या अनेक बोअरचं पाणी मचूळ असतं. तसल्या पाण्यात कालवलेला रिप्लेसर मीठ वाढल्यानं वासराला सोसत नाही. रिप्लेसरला गोडं पाणी वापरा.

कासदाह झालेल्या किंवा अँटिबायोटिक दिलेल्या गायीचं दूध 'डेअरीत चालत नाही, वासराला घाला' ही सवय गोठ्यांत खोल रुजली आहे. ती मोडलीच पाहिजे. त्या दुधातून जंतू जातात आणि उरलेल्या औषधामुळे औषधाला दाद न देणारे जंतू वासराच्या आतड्यात पोसले जातात. अनेक गायींचं एकत्र केलेलं दूध टोळीला द्यायचं असेल तर क्षय, ब्रुसेलोसिस आणि जोन्सच्या रोगाचा धोका लक्षात घेऊन ते ६३ अंशांवर ३० मिनिटं तापवा आणि मग निववून द्या.

आता धुलाई. किनाऱ्यावर टोळीचं आरोग्य यावरच ठरतं. ३० अंशांच्या वर दुधातले जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात, म्हणजे सकाळी सहाला निप्पलमध्ये राहिलेला ओघळ दुपारी बारापर्यंत हजारोपट जंतूंचा झालेला असतो. फ्रीजमध्ये ठेवायचं नसेल तर दूध काढल्यापासून तासाभरात वासराच्या पोटात गेलं पाहिजे, आणि पाजून उरलेलं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. भांडी लगेच धुवा. आधी कोमट पाण्यानं खळखळून, कारण उकळतं पाणी आधी घातलं तर दुधातली प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात. मग धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट घालून हाताला सोसणार नाही इतक्या, ६० अंशांच्या वरच्या पाण्यात ब्रशनं घासा. निप्पल काढून, उलटं करून आतून घासायचं. निप्पल न काढता बादली धुणं म्हणजे न धुणंच. शेवटी ब्लीचिंगच्या पातळ पाण्यातून काढून उन्हात पालथी घाला. बोअरचं पाणी जड असेल तर भांड्यांना पांढरा थर धरतो, तो आठवड्यातून एकदा डेअरीच्या आम्लयुक्त क्लीनरनं उतरवा. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आपल्या कोकणचा जून ते सप्टेंबरचा. ऊन नसतं त्या महिन्यांत भांड्यांचा दुसरा संच ठेवा, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो.

दूध संपल्यावर वासरं एकमेकांचे कान, बेंबी, कोवळे सड चोखू लागतात. दुधाची चव तोंडात असेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं, चोखण्याची ओढ टिकते. निप्पलवर मिळणाऱ्या आणि पोटभर दुधानं ती बरीच भागते. रिकामं निप्पल आणखी १० मिनिटं तसंच राहू द्या, मग वाळलेला चारा आणि खुराक पुढे ठेवा, आणि त्यानंतरच दावी सोडा. कालवडीचे सड चोखले गेले तर पुढे कासेचं नुकसान होतं. एखादं वासरू तरीही सोडत नसेल तर त्याला काही दिवस वेगळं करा.

उन्हाळ्यात पाजण्याची वेळ पहाटे आणि सूर्य कलल्यावर ठेवा. धापा टाकणारं वासरू दूध कमी पितं, आणि नेमकी तेव्हाच त्याला जास्त ऊर्जा लागते, म्हणून दूध कमी करू नका. छपराला उंची, वर नारळाच्या झावळ्या किंवा गवताचं आच्छादन आणि दोन्ही बाजूंनी वारा हवा. पहिल्या दिवसापासून स्वच्छ पाणी पुढे असावं. दूध म्हणजे पाणी नव्हे. पावसाळ्यात सिमेंटच्या ओल्या जमिनीवर बसलेलं वासरू दुधातली बरीच कमाई अंग गरम ठेवण्यात घालवतं. तामिळनाडूत भाताचा पेंढा आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मुबलक मिळतो, कोकणातही पेंढा आहेच. तो जाड टाका आणि ओला झाला की उचला. वासरांच्या जागेवर गुडघे टेकून पाहा. गुडघे ओले झाले तर अंथरूण बदला.

पाजण्याचा क्रम कायम ठेवा: आधी सर्वांत लहान, मग मोठी, आजारी शेवटी आणि त्यांची निप्पलं वेगळी. रोज हावऱ्यासारखं पिणारं वासरू आज निप्पलकडे उशिरा आलं, कान पडले, शेपटीला पातळ शेण लागलं, तर तिथेच थांबून त्याला बाजूला काढा. हगवण लागली म्हणून दूध तोडू नका. दूध चालू ठेवा आणि दोन दुधांच्या मधल्या वेळेत क्षार-साखरेचं पाणी वेगळं पाजा. डोळे खोल गेले किंवा वासरू उठेना तर पशुवैद्यकाला बोलवा, सलाईन लागेल. रेडकांत आईच्या दुधातूनच गोल जंत येतात, त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत जंताच्या औषधाबद्दल विचारून ठेवा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा खुराक, तोंडाशी ठेवा. शिळा झालेला मोठ्या गुरांना द्या, वासराला रोज ताजा. दूध तोडण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरवू नका, खुराकावर ठरवा. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला की १० ते १४ दिवसांत दूध हळूहळू उतरवा. टोळीतलं सर्वांत मागे असलेलं वासरू खायला लागेपर्यंत त्याचं दूध चालू ठेवायचं, बाकीच्यांचं तोडलं तरी. वेगवेगळ्या बादल्या असल्या की हे सहज जमतं, सामाईक टाकीत जमत नाही.

शिकायला जागा आहेत, त्यांचा उपयोग करा. चेन्नईजवळ असाल तर वेपेरीचं १९०३ साली सुरू झालेलं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाचं माधवरमचं मुख्यालय आणि काट्टुपाक्कमचं संशोधन केंद्र. महाराष्ट्रात नागपूरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ माफसू आणि त्याची महाविद्यालयं, उरुळी कांचनची बाएफ संस्था आणि आपापल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र.

पण त्याआधी उद्या सकाळी एक करा. मोबाईल खिशात ठेवून पहिल्या वासरानं निप्पल धरल्यापासून शेवटच्यानं सोडेपर्यंत टोळीजवळ उभे राहा, आणि कोण किती प्यालं ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहा. आठवडाभर लिहा. ज्या वासराचा आकडा रोज मागे पडताना दिसेल, त्याला आठव्या दिवशी वेगळी बादली द्या.